उलट्या अक्षरांची माणसं

शिक्का मारणाऱ्या माणसाला आपल्याकडे फार मान आहे. साहेबाची सही झाली म्हणजे काम झालं, असं फक्त परदेशात शिकून आलेल्या मंडळींना वाटतं. आपल्याला ठाऊक असतं की खरी वेळ पुढेच आहे. शिक्का ज्याच्या खणात आहे तो गृहस्थ चहाला गेलेला असतो. तो येतो, खणाची किल्ली शोधतो, शिक्का काढतो, त्यावर तोंडाने 'हाः' करून वाफ सोडतो आणि मग कागदावर असा काही आदळतो, की टेबलावरचा पाण्याचा पेला दचकावा. त्या 'धप्प' आवाजाबरोबर आपण जन्मलो, मॅट्रिक झालो, राहतो त्याच घरात राहतो, या सर्व गोष्टी एकदम खऱ्या होतात. तोपर्यंत त्या नुसत्या अफवा असतात.

पण हा शिक्का कुणीतरी केलेला असतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. मारणारा दिसतो, खाणारा कागद दिसतो, करणारा कुठेच दिसत नाही. देवळात देवाला नमस्कार करताना मूर्तिकाराची आठवण निदान एखाद्याला तरी होत असेल. पण उत्पन्नाच्या दाखल्यावरचा गोल शिक्का बघून "वा, काय कोरलाय!" असं म्हणणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही.

मी मूळचा माकुणसारचा. हे सांगितलं की "म्हणजे नक्की कुठे?" हा प्रश्न ठरलेला असतो. सफाळे आणि केळवे यांच्या मधलं गाव, असं सांगितलं की समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि त्याला काहीही कळलेलं नसतं. आमच्या लहानपणी गावात रबरी शिक्के करणारा कुणी नव्हता. पण ठसे करण्याची विद्या घराघरांत होती. बटाटा मध्यावर कापायचा, ब्लेडने त्यावर फूल कोरायचं, शाईत बुडवायचं आणि वहीवर, भिंतीवर, धाकट्या भावाच्या पाठीवर उमटवायचं. ज्यांना तेवढंही कष्ट नको असत त्यांच्यासाठी निसर्गाने भेंडी निर्माण केली आहे. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल आयतंच कोरलेलं मिळतं. भाजी कमी पडली की आई विचारी, "भेंड्या कुणी नेल्या?" आणि भिंतीवरची फुलं आमच्याविरुद्ध साक्ष देत.

बटाट्यावर स्वतःचं नाव कोरायला घेतलं की मात्र जगाचं एक मोठं रहस्य कळायचं. सरळ कोरलं की उलटं उमटतं. सरळ उमटायला हवं असेल तर उलटं कोरावं लागतं. पुढच्या आयुष्यात कचेऱ्यांमधून वावरताना हे तत्त्वज्ञान मला फार उपयोगी पडलं आहे.

ही उलटं कोरण्याची विद्या आपल्याकडे जुनी आणि मानाची. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा घ्या. १६४६ साली रांझे गावच्या पाटलाला शिक्षा सुनावणारं जे पत्र आहे, त्यावर ती उमटलेली आहे. त्या काळी आजूबाजूच्या मातब्बर मंडळींच्या मुद्रा फारसीत असत, ही संस्कृतात. मुद्रेतल्या मजकुरावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं, भाषणं झाली, शाळेत पाठांतर झालं. पण तेवढ्याशा धातूच्या तुकड्यावर संस्कृतातली जोडाक्षरं उलटी कोरायला बसलेल्या माणसाचा विचार करा. एक वेलांटी चुकली असती तर? पत्र पाटलाला जाणार होतं, पण घाम त्याआधी या गृहस्थाला फुटला असणार!

पत्राच्या आरंभी मोठा शिक्का उमटे आणि मजकूर जिथे संपे तिथे दुसरा लहान. हा लहान शिक्का म्हणजे मोर्तब. ते उठलं की पत्राची हद्द संपली. त्याखाली कुणी हळूच एखादी ओळ घुसवून आपल्या मेव्हण्याला इनाम करून देऊ नये, यासाठी तो बंदोबस्त. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज साखरपुड्यापासून मंत्रिमंडळाच्या बैठकीपर्यंत कशालाही वापरतो. पण त्यात अशा दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक डोक्याची आणि एक पायाची.

नाण्यांचंही तेच. शिवराई तांब्याची, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. खाली एक ठसा, वर दुसरा, मध्ये तांब्याची चकती आणि वरून हातोड्याचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असे आणि घाव घालणारा माणूस माणसासारखाच असे. सकाळी नेमका, दुपारी जेवणानंतर जरा तिरका. त्यामुळे कितीतरी शिवरायांवर एखादं अक्षर पूर्ण आहे, एखादं अर्धं आणि एखादं साफ बाहेर गेलेलं. कोरणाऱ्याने सगळी अक्षरं कोरली होती. मारणाऱ्याने त्यातली काही वगळली. संपादक आणि लेखक यांचं नातं हे असं फार जुनं आहे.

पुढे छापखाने आले आणि या उलट्या विद्येला बरे दिवस आले. छापखान्यातल्या अक्षराला आपल्याकडे 'खिळा' म्हणत. तो कसा होई पाहा. आधी पोलादाच्या बारीक दांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. ते तांब्यावर ठोकलं की सुलटा खळगा उठतो. त्या खळग्यात रस ओतला की खिळा उलटा निघतो. तो कागदावर दाबला की शेवटी अक्षर सुलटं. एका 'क'ने वाचकाच्या डोळ्यांपुढे येण्याआधी इतक्या कोलांट्या मारलेल्या असतात. आणि इंग्रजांसारखं सव्वीस अक्षरांत आपलं भागत नाही. काने, मात्रे, रफार, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी खिळे लागतात. मराठी माणूस बोलताना अक्षरं खातो ती बहुधा या कोरणाऱ्यांची कीव येऊन.

जावजी दादाजी लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासून गुळगुळीत करण्याच्या कामाला लागले. पगार महिना दोन रुपये. पुढे १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली छापखाना. तोच निर्णयसागर. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पोथ्या, पंचांगं, संस्कृत नाटकं ज्या देखण्या अक्षरांत आहेत ती निर्णयसागरची. त्या अक्षरांचे ठसे कोरणारे हात होते राणोजी रावजी आरू यांचे. निर्णयसागर हे नाव अजून पुष्कळांना ठाऊक असतं. जावजींचं नाव थोड्यांना. आणि राणोजींचं नाव घेतलं की लोक विचारतात, "कोण बुवा हे?" कोरणारा माणूस नावांच्या उतरंडीत नेहमी तळाशी असतो. वरच्या मडक्यांचा भार त्याच्यावर, आणि पाहुण्यांना दिसतं ते वरचं मडकं.

टपालाच्या तिकिटांची कथाही याच घराण्यातली. १८५२ साली सिंधचे कमिशनर बार्टल फ्रेअर यांनी अर्ध्या आण्याचं तिकीट काढलं, आशियातलं पहिलं. हेच फ्रेअरसाहेब पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. तिकीट म्हणजे उठावाचा गोल ठसा. तो लाल लाखेवर मारून पाहिला, तर लाख ठिसूळ. पत्र पोचेपर्यंत तिकिटाचे तुकडे. मग कागदावर आले. १८५४ साली कलकत्त्यात चार आण्यांचं दोन रंगी तिकीट निघालं. चौकट लाल, राणीचं डोकं निळं, आणि दोन्ही वेगवेगळी छापायची. त्यात काही कागद उलटे गेले आणि साऱ्या हिंदुस्थानची राणी शीर्षासन करू लागली. ती उलटी राणी आज जगातल्या दुर्मिळ तिकिटांमध्ये गणली जाते. म्हणजे सरळ छापलं तर चार आणे आणि उलटं छापलं तर अनमोल. आमच्या बटाट्यांची तेव्हा कुणी कदर केली नाही, एवढंच दुःख.

आता तुम्ही म्हणाल, हे राजे आणि राण्या झाल्या. तुमच्या मुलखाचं काय? तर आमच्या मुलखात ही विद्या अजून जिवंत आहे. पालघर ओलांडून बोईसरच्या पुढे गेलं की लोकांना तारापूरचं अणुवीज केंद्र ठाऊक असतं. १९६९ पासून तिथे वीज होते. पण त्याच किनाऱ्यावर चिंचणी, वरोर, वाढवण या गावांत घराच्या ओटीवर बसून पोलाद कोरणारी माणसं आहेत, हे बोईसर स्टेशनावर उतरणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना माहीत नसतं. यांना म्हणतात डायमेकर. सोन्याचे दागिने ज्या ठशांवर उठतात ते ठसे ही मंडळी हाताने करतात. ठसे जातात मुंबईला झवेरी बाजारात आणि तिथून देशभर. तुमच्या घरातल्या एखाद्या पदकावरचा मोर कदाचित चिंचणीच्या खाडीवरचा वारा खाऊन मोठा झालेला असेल.

माझ्या मावसबहिणीचे थोरले दीर यातलेच. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णा म्हणतो. त्यांच्याकडे गेलं की ते मान वर करीत नाहीत. "बस," एवढंच म्हणतात. खिडकीशी एक बसकं लाकडी टेबल, त्यावर घट्ट बसवलेला पोलादाचा ठोकळा, डोळ्याला भिंग, डाव्या हातात छिन्नी आणि उजव्यात लहानशी हातोडी. टक टक टक टक. घड्याळाच्या आवाजात आणि या आवाजात फरक एवढाच, की घड्याळ पाहुणा आला म्हणून थांबत नाही आणि अण्णाही थांबत नाहीत.

छिन्न्या बाजारात मिळत असल्या तरी अण्णा त्या वापरत नाहीत. पोलादाच्या काड्या घासून स्वतःच करतात. एक पाकळीच्या कडेसाठी, एक देठासाठी, एक मोराच्या डोळ्यासाठी. त्यांच्या पेटीत अशा कितीतरी. बाहेरच्या माणसाला सगळ्या सारख्याच दिसतात. एकदा मी त्यातली एक उचलून कान कोरण्याच्या दृष्टीने पाहिली, तेव्हा अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

या कामात नुसतं उलटं कोरून भागत नाही; आतही कोरावं लागतं. दागिन्यावर जे वर यायचं ते ठशात खोल. गणपतीचं पोट म्हणजे सगळ्यात मोठा खड्डा, सोंड म्हणजे वळणारी चर, आणि कानामागची सावली म्हणजे पोलादाचा उंचवटा. तुमच्या-आमच्या डोळ्यांना ठशात गणपती दिसतच नाही. पावसाळ्यातला रस्ता दिसतो. अण्णा अधूनमधून त्यात मेण दाबून उचलतात, तेव्हा एकदम बाप्पा हातावर येतात. अण्णा ते भिंगातून न्याहाळतात, "सोंड सुजली," म्हणतात आणि मेण चुरगळून पुन्हा टक टक सुरू. विसर्जनाची एवढी घाई मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

कोरून झालं की ठशाला पाणी द्यायचं. ठोकळा भट्टीत लाल करायचा आणि नेमक्या रंगावर असताना बुडवून थंड करायचा. त्या आधी पोलाद मऊ असतं म्हणून छिन्नी चालते. पाणी चढलं की ते इतकं कठीण होतं, की सोन्याचे हजारो पत्रे त्यावर ठोकले तरी मोराचा तुरा झिजत नाही. पण रंग ओळखण्यात चूक झाली, लाली थोडी कमी-जास्त झाली, की एकतर ठसा मऊ राहतो किंवा तडकतो. तीन आठवड्यांचं काम एका 'चर्र' आवाजात संपतं. यासाठी अण्णा मोजमापाचं यंत्र वापरत नाहीत. संध्याकाळ होऊ देतात, दिवा मालवतात आणि अंधारात पोलादाचा रंग बघतात. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही, असा दंडक आहे. आमच्या मावसबहिणीच्या घरात पूर्ण शांतता असल्याचे हेच काय ते क्षण.

पुतळ्यांच्या माळेतली प्रत्येक पुतळी एकसारखी का, याचं उत्तर या टेबलाशी आहे. सोनाराने पत्रा ठशावर ठेवला आणि ठोकला की पुतळी उठली. दुकानात काचेमागे दिवे असतात, मखमल असते. बायका विचारतात, "हे डिझाइन तुमचंच का हो?" दुकानदार विनयाने मान तुकवतो. खोटं तो काही बोलत नाही. नुसती मान तुकवतो.

आता सोन्याला सरकारचा शिक्का सक्तीचा झाला आहे. जून २०२१ पासून एकेका जिल्ह्यात करीत ही सक्ती आली. दागिन्यावर मानक ब्यूरोचं चिन्ह असतं, शुद्धतेचा आकडा असतो आणि त्या नगाची स्वतःची सहा अक्षर-आकड्यांची ओळख असते. ती मोबाइलात घातली की कुठल्या सराफाचा माल, कुठे तपासला, सगळं कळतं. सोन्याची जात, कूळ, गोत्र मिळतं. फक्त मोर कुणी काढला ते मिळत नाही.

शिक्क्यांच्या दुनियेत तशी उलथापालथ नेहमीची. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि 'मुंबई राज्य' असे कोरलेले शिक्के एका रात्रीत इतिहासजमा झाले. आमच्या शेजारचं उंबरगाव तर गुजरातेतच गेलं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि आठ तालुक्यांत ज्या ज्या शिक्क्यावर 'जि. ठाणे' होतं तो तो शिक्का निकामी झाला. ग्रामपंचायती, शाळा, सोसायट्या, दूध केंद्रं! माणसं आहेत तिथेच राहिली, गावं हलली नाहीत, समुद्र होता तिथेच होता. पण शिक्के बदलल्याशिवाय यातल्या कशालाही खात्री पटत नव्हती. रबरी शिक्केवाल्यांची त्या वर्षी दोनदा दिवाळी झाली असेल.

आणि त्याच सुमारास त्यांच्या धंद्याच्या मुळावरही घाव आला. ज्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का लागे, त्यातल्या बऱ्याच आता आपल्याच सहीने चालतील, असं सरकारने ठरवलं. मनुष्य स्वतःबद्दल खरं बोलू शकतो, यावर सरकारचा विश्वास बसायला इतकी वर्षं लागली. संगणकावरच्या सहीला तर २००० सालीच कायद्याने मान्यता मिळालेली. तिला शाई नाही, वाफ नाही, 'धप्प' नाही. काम होतं, पण झाल्यासारखं वाटत नाही.

डायमेकरांपुढे यंत्र उभं आहे. संगणकात मोर काढायचा, कळ दाबायची. यंत्र पोलादात मोर कापून देतं. दहा मोर मागा, दहाही जुळे भाऊ. काही दागिने तर ठशाशिवाय, नुसते ओतून होतात. मुलं हुशार आहेत. ती बोईसरच्या कारखान्यांत जातात, विरारची गाडी पकडतात. त्यांना दोष कोण देईल? भिंगाखाली वीस वर्षं घातल्यावर मिळतात ते डोळ्यांचे नंबर, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला हमखास येतो तो डोळ्यांच्या डॉक्टरचा निरोप. त्यात वाढवणला मोठं बंदर येऊ घातलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. विरोध करणाऱ्यांत मच्छीमार आणि बागायतदार यांच्या जोडीला डायमेकरही होते, हे वर्तमानपत्रांत वाचून मुंबईतल्या एका स्नेह्यांनी मला विचारलं, "हे डायमेकर म्हणजे कोण? कापड रंगवतात ते का?" मी त्यांना त्यांच्याच पत्नीच्या गळ्यातलं पदक दाखवलं. ते गळ्यात गेली तीस वर्षं होतं.

अण्णांची एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली आहे. निवृत्तिवेतन, हयातीचा दाखला हे सारं हल्ली अंगठ्यावर चालतं. अण्णांनाही कसल्याशा नोंदणीसाठी अंगठा द्यायचा होता. त्यांना घेऊन मी गेलो. छोट्या काचेवर अंगठा ठेवायचा. हिरवा दिवा लागला की आपण आपण. अण्णांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. "पुसून ठेवा काका," मुलगा म्हणाला. पुन्हा लाल. डावा ठेवून पाहिला. लाल. मुलगा बिचारा चांगला होता. ओलं फडकं दिलं, थोडं तेल लावून पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "काका, तुमच्या रेषाच गेल्यात."

पन्नास वर्षं छिन्नी धरून, पोलाद घासून अण्णांचा अंगठा काचेसारखा गुळगुळीत झाला होता. जन्माला येताना प्रत्येकाला एक ठसा फुकट मिळतो. यांनी तो मोर, पुतळ्या आणि गणपती यांच्यावर खर्च करून टाकला होता. मला काय बोलावं ते सुचेना. अण्णा मात्र अंगठा उजेडात धरून भिंगातून बघावा तसा बघत होते. "पॉलिश छान झालंय," म्हणाले. पुढे डोळ्याचा फोटो घेऊन काम झालं. ज्या डोळ्यांनी अंगठा झिजवला त्यांनीच तो सोडवून आणला.

परतताना रिक्षात मी न राहवून विचारलं, "अण्णा, एवढे ठसे केलेत, एखाद्याच्या कोपऱ्यात बारीकसं स्वतःचं नाव का नाही कोरलंत? उलटंच कोरायचं होतं. कुणाला वाचताही आलं नसतं."

"तुझ्या नसतं लक्षात आलं," अण्णा म्हणाले, "पण ठशावर कोरलं की ते दागिन्यावर उठणार. मंगळसूत्रावर परक्या पुरुषाचं नाव लिहून पाठवलं, तर चिंचणीपर्यंत लोक काठ्या घेऊन येतील."

आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघून ते म्हणाले, "आणि नाव बघायला कोण थांबतंय? मोर नीट उठला पाहिजे."